साडेतीन फुटांची गॅलरी आणि खांबावरचा दिवा

आमच्या गॅलरीची लांबी आठ फूट आणि रुंदी साडेतीन फूट आहे. त्यातला एक कोपरा वॉशिंग मशीनने अडवलेला आहे, वर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत, आणि उरलेल्या जागेत गेली सहा वर्षे मी कुंड्यांमध्ये फुलझाडे लावते. इमारत पुण्यातली, मजला तिसरा आणि गॅलरी दक्षिणेला. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, हे कळायला मला पहिले वर्ष पूर्ण वाया घालवावे लागले.

आम्ही या घरात अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर राहायला आलो. पुढच्याच रविवारी सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांमध्ये जाऊन मी हौसेने रोपे आणली: झेंडू, झिनिया, चिनी गुलाब, दोन कलमी गुलाब आणि सदाफुली. सगळी कळ्यांनी भरलेली होती. आठवड्याभरात त्या कळ्या फुलून गेल्या आणि नव्या काही आल्या नाहीत. झेंडू उंच आणि लुकडे होत कठड्याबाहेर माना काढू लागले, गुलाबांची पाने गळाली, चिनी गुलाबाच्या नुसत्याच हिरव्या दोऱ्या लोंबत राहिल्या. खत कमी पडले असेल म्हणून मी खत घातले, पाणी कमी पडले असेल म्हणून पाणी घातले, आणि जी झाडे अंधाराने आजारी होती त्यांची मुळे कुजवून ठेवली.

उलगडा झाला तो पुढच्या वर्षी, वर्तमानपत्रातली शून्य सावली दिवसाची बातमी वाचताना. पुण्याचे अक्षांश साधारण साडेअठरा. मेच्या मध्यावर भर मध्यान्ही सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो, तिथून तो चक्क आपल्या उत्तरेला जातो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे वळतो. म्हणजे ज्या अडीच महिन्यांत मी झेंडूच्या फुलांची वाट पाहत होते, त्या अडीच महिन्यांत माझ्या दक्षिणेच्या गॅलरीला दुपारचे थेट ऊन मिळणे शक्यच नव्हते. वरच्या मजल्याचा स्लॅब आमच्या गॅलरीवर पुरता आलेला आहे, त्यामुळे डोक्यावरचे ऊनही आत येत नाही.

तेव्हापासून मी ऊन मोजायला लागले. दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास (पुण्याचा खरा मध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर सरासरी अर्ध्या तासाने होतो) फरशीवर ऊन जिथपर्यंत येते तिथे खडूने खूण करायची, असा नेम केला. पहिल्या दोन खुणा कामाच्या मावशींनी फरशीबरोबर स्वच्छ पुसून काढल्या, म्हणून तिसरीपासून मी नेलपॉलिश वापरले. आज त्या फरशीवर गुलाबी रेघांचे एक कॅलेंडरच तयार झाले आहे. संक्रांतीला ऊन सबंध गॅलरी ओलांडून दिवाणखान्यातल्या सोफ्याच्या पायापर्यंत पोचते. गुढीपाडव्याला ते कठड्यापासून दोन-अडीच फुटांवर थांबते. अक्षय्य तृतीयेला उरते जेमतेम वीतभर, आणि मग जुलै सरेपर्यंत काहीच नाही. गणपतीत पुन्हा दीड-दोन फूट, दिवाळीत पुन्हा घरात. गॅलरी एकच असली तरी वर्षभरात तिथे तीन निरनिराळ्या बागा असतात, आणि आपण त्या तिन्हींत एकच झाड उभे करू पाहतो. उत्तरेच्या गॅलरीचे याच्या नेमके उलट होते. तिला थेट ऊन मिळाले तर याच उन्हाळ्या-पावसाळ्यात मिळते. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या गॅलऱ्या त्या मानाने सुखी म्हणायच्या, कारण त्यांना थोडे का होईना, बाराही महिने ऊन असते.

कुंड्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. मातीच्या कुंड्या दिसायला सुंदर असतात आणि त्यांच्या अंगातून पाणी पाझरत असल्याने उन्हाळ्यात मुळे थंड राहतात, पण वजनाचा विचार करावा लागतो. मी एकदा घरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिले, तर पाणी घातलेली दहा इंची मातीची कुंडी चौदा किलो भरली. तेवढ्याच मापाची प्लॅस्टिकची कुंडी, आत पोयटा माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या भागांनी घातलेले, ती आठ किलो. पंधरा कुंड्यांचा हिशेब केला की हा फरक एका माणसाहून जास्त होतो, आणि जुन्या इमारतीच्या पुढे आलेल्या गॅलरीत तो विसरून चालत नाही. माझ्याकडे आता बहुतेक प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि भिंतीच्या रंगाच्या तीन रिकाम्या बादल्या आहेत. कठड्यावर लटकवायच्या कुंड्या मी आतल्या बाजूला लावते. बाहेर लावल्या तर ऊन अधिक मिळेल हे खरे, पण खाली मुले खेळतात.

एका जुन्या सवयीबद्दल मात्र बोलले पाहिजे. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी यांचा दोन-तीन इंचांचा थर घातला की पाण्याचा निचरा चांगला होतो, असे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. मातीचा शेवटचा थर चिंब झाल्यावरच ते खाली सुटते. त्यामुळे तो चिंब थर तळाऐवजी दोन इंच वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. आधीच उथळ असलेल्या कुंडीची खोली आपण अशी फुकट घालवतो. भोकावर एक खापर उपडे ठेवले की पुरते. निचरा सुधारायचा असेल तर मातीच भुसभुशीत करावी.

भोकातून निघालेल्या पाण्याची कथा वेगळी. ते खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर पडले आणि आमचे संबंध काही महिने जपून बोलण्यापुरते उरले. तेव्हापासून प्रत्येक कुंडीखाली ताटली आहे. ताटलीत पाणी साचले की डेंग्यूचे डास होतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून दर शनिवारी सगळ्या ताटल्या पालथ्या करायचे काम मुलाकडे दिले आहे. तो ते दहा रुपये घेऊन करतो.

आता फुलांकडे वळते. गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कठड्याजवळचे जे काही ऊन असते त्यावर पहिला हक्क चिनी गुलाबाचा. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेचे; त्यात चिनी काही नाही आणि गुलाबही नाही. मांसल पानांत पाणी साठवत असल्यामुळे एखादा दिवस पाणी चुकले तरी ते रुसत नाही, आणि बोटभर फांदी खोचली की आठवड्याभरात लागते. राणी, केशरी, पिवळा, पांढरा असे चार रंग एकाच पसरट कुंडीत खोचले की सकाळी कुणीतरी रांगोळी घातल्यासारखे दिसते. अडचण एवढीच की हे फूल ऊन चढल्यावर उघडते आणि दुपारनंतर मिटते, म्हणूनच तर याला रोपवाटिकेत ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. मी सकाळी पावणेनऊला बँकेत जायला निघते आणि संध्याकाळी सातला परतते. माझ्या गॅलरीतले ‘ऑफिस टाइम’ मी फक्त रविवारी पाहते. बाकी सहा दिवस त्याचे वर्णन सासूबाईंकडून ऐकते. यावर उपाय म्हणून मी रंगाच्या एका खोल बादलीत गुलबक्षी लावली. ती दुपार कलल्यावर उघडते आणि रात्रभर फुललेली राहते, त्यामुळे चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहिले की निदान एक झाड तरी माझ्यासाठी जागे असते. फुले कधी उघडी असतात आणि आपण घरात कधी असतो, हा विचार रोपे घेताना कुणी करत नाही. करायला हवा.

मेमध्ये ऊन गेले की मी हटवादीपणा सोडून देते. या दिवसांत सावलीत एकच जादू होते, ती मे फ्लॉवरची. वर्षभर मातीत निजलेल्या कांद्यातून एक जाड देठ वर येतो आणि त्यावर चेंडूएवढा लालभडक गोल उमलतो. नीट पाहिले तर ती दीडएकशे बारीक फुले असतात. आठवड्याभरात खेळ संपतो आणि पुढच्या वर्षापर्यंत नुसती पाने. त्या आठवड्यासाठी मी ती कुंडी वर्षभर सांभाळते. पाऊस सुरू झाला की बिगोनिया आणि कोलियस असतात. कोलियसला फुलांसाठी कुणी लावत नाही, पण जांभळ्या-पोपटी पानांनी जो रंग येतो तो जुलैच्या अंधाऱ्या दुपारी फुलांपेक्षा कमी नसतो.

तेरडा मात्र मी लावलेला नाही, सासूबाईंनी लावला. त्यांचे माहेर वाईचे. तिकडे त्यांच्या घरी गौरी म्हणजे तेरड्याचीच रोपे, मुळांसकट आणलेली. आमच्याकडे आल्यावर त्यांनी वाईहून बियांची पुडी मागवली आणि आषाढात, गॅलरीत उन्हाचा कवडसाही नसताना, एका बादलीत भुरभुरवली.

“आई, इथे ऊन नाही हो, फुलं यायची नाहीत,” मी म्हटले.

“डोंगरात झाडीखाली उगवतो तो. त्याला कुठलं ऊन मिळतं, अगं? पाणी द्या म्हणजे झालं.”

तेरडा उगवला. त्याचे खोड काचेसारखे पारदर्शक आणि रसरशीत असते, एक दिवस पाणी चुकले तर मान टाकते आणि दिले की तासाभरात उभे राहते. फुले पानांच्या बेचक्यांत, खोडाला चिकटून येतात, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला ती दिसतच नाहीत. खाली बसून पाने उचलून पाहावे लागते. भाद्रपदात गौरी आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यातली पाच रोपे उपटून घेतली. उरलेल्यांना लवदार हिरव्या शेंगा आल्या. पिकलेल्या शेंगेला बोट लागले की ती फट्‌कन फुटते, तिच्या पाच पाकळ्या अळीसारख्या आत वळतात आणि बिया चार-पाच फुटांवर उडतात. त्या वर्षी वॉशिंग मशीनच्या साबणाच्या खणात मला सहा बिया सापडल्या. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एका फुलापुरती खरी आहे, झाड दीड-दोन महिने फुलत राहते. आणि माझ्या गॅलरीतल्या परदेशी पाहुण्यांमध्ये, म्हणजे मेक्सिकोचा झेंडू, मादागास्करची सदाफुली, आफ्रिकेचे मे फ्लॉवर यांच्यात, सह्याद्रीत आपोआप उगवणारे झाड हे एकच.

झेंडू आता मी दिव्यांच्या अवसेच्या आसपास पेरते, म्हणजे ऊन परत येण्याच्या बेताला रोपे तयार होतात. रोप वीतभर झाले की शेंडा खुडायचा. हे करताना पहिल्या वर्षी जीव खालीवर झाला होता, पण शेंडा गेला की बगलेतून फुटवे येतात आणि एका फुलाच्या जागी सात-आठ मिळतात. गेल्या दसऱ्याच्या तोरणातली फुले वाळवून त्यांचे बी पेरता येते, ते उगवतेही झकास. फक्त संकरित झेंडूचे बी असेल तर गोंडेदार फुलाच्या पोटी एकेरी पाकळ्यांची फुलेही निघतात. मला ती आवडतात. सासूबाईंना नाही.

आता शेवंती. हिच्यासाठीच खरे तर हे लिहायला घेतले.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे शेवंतीच्या चार कुंड्या होत्या, दोन पिवळ्या आणि दोन पांढऱ्या. प्रत्येक रंगाच्या दोन्ही एकाच झाडाच्या फुटव्यांपासून केलेल्या, एकच माती, एकच खत. पावसाळाभर शेंडे खुडून मी त्या गोल, भरगच्च केल्या होत्या. जागेच्या सोयीने एक पिवळी आणि एक पांढरी कठड्याशी होती, आणि उरलेली जोडी वॉशिंग मशीनच्या आडोशाला. नोव्हेंबरात आडोशाची जोडी फुलांनी लदली. कठड्याची जोडी, जिला ऊन अधिक मिळत होते, ती हिरवीगार, तजेलदार आणि कळीविना. डिसेंबर आला तरी तसेच. मी मावा शोधला, मुळे पाहिली, राख घातली. शेवटी एका रात्री झोप येईना म्हणून गॅलरीत आले आणि कारण समोरच दिसले. त्या पावसाळ्यात सोसायटीने फाटकापाशी खांबावर नवा पांढरा एलईडी दिवा बसवला होता, आणि त्याचा झोत थेट त्या दोन कुंड्यांवर येत होता. रात्री दोन वाजता त्यांच्या पानांवरच्या शिरा मोजता येत होत्या.

शेवंती ही मोठ्या रात्रीची वनस्पती आहे. दिवस लहान होत गेले, म्हणजेच रात्र पुरेशी लांब झाली, की ती पाने काढणे थांबवून कळ्या धरते. वनस्पतींना दिवसाची लांबी कळते, हे अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडले, तेही तंबाखूच्या अशा एका वाणावरून, जो उन्हाळाभर नुसता उंच वाढत राहायचा आणि फुलायचा हिवाळ्यातच, काचघरात. पुढे लक्षात आले की झाड मोजते ते अखंड अंधाराला. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी त्याच्या लेखी एका लांब रात्रीच्या दोन आखूड रात्री होतात. फुलांची शेती करणारे याचा उपयोगही करून घेतात: फुले पुढे ढकलायची असली की शेतात रात्री दिवे लावतात, लवकर हवी असली की काळे कापड ओढतात. माझ्या शेवंतीला खांबावरचा दिवा सांगत होता की अजून ज्येष्ठच चालू आहे.

दिव्याला झाकण लावावे म्हणून मी सोसायटीकडे अर्ज केला. बैठकीत तो वाचला गेला आणि सभासद हसले. एकाने सुरक्षिततेचा मुद्दा मांडला, तो योग्यच होता. दिवा तसाच राहिला. मग मी पुठ्ठ्याची खोकी आणली, आतून काळा कागद चिकटवला, आणि पुढच्या वर्षी दसऱ्यापासून संध्याकाळी सहाला खोकी कुंड्यांवर उपडी घालायची आणि सकाळी सातला काढायची, असा क्रम सुरू केला. सहा वाजता मी घरी नसते, म्हणून हे काम सासूबाईंकडे गेले. सुरुवातीला त्यांनी ते सुनेची लहर म्हणून केले. “तुझ्या लेकींना निजवलं,” असे त्या मला फोनवर सांगायच्या, आणि पलीकडून मुलाच्या खिदळण्याचा आवाज यायचा.

एक चूक त्या वर्षी झाली. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी भजनामुळे खोकी घालायला उशीर व्हायचा किंवा राहूनच जायचे, आणि मी म्हणायचे, चालेल. चालत नाही. कळ्या आल्या, पण उशिरा आणि विरळ. जानेवारीत आम्ही एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन पाहून आलो तेव्हा कुठे आमची पांढरी फुलायला लागली होती. तिथल्या शेवंत्यांसमोर सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी भजनाला जाताना खोकी साडेपाचलाच घालून जायचे ठरवले.

यंदा नियम काटेकोर पाळला आहे. कोजागरीला मात्र त्या अडून बसल्या. “आजच्या रात्री तरी झाकू नकोस. चांदणं नको का मिळायला?” खांबावरचा दिवा कोजागरीलाही चालूच असतो, हे मी बोटाने दाखवले. त्यांनी थोडा विचार केला, मग मुलाला हाक मारली, आणि दूध आटवायला सगळे गच्चीवर गेले तेव्हा दोन्ही कुंड्याही, त्यांच्या आठ-आठ किलोंसकट, लिफ्टमधून वर गेल्या. गच्चीवर दिवा नाही. मी काही म्हटले नाही. बारा वाजता दूध पिऊन आम्ही खाली आलो, कुंड्या खाली आणल्या आणि खोकी घातली.

काल सकाळी खोके काढताना पांढरीच्या शेंड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसल्या. सासूबाईंनी चष्मा लावून मोजल्या, एकतीस भरल्या. पिवळीला अजून एकही नाही. कळ्यांचा रंग दिसेपर्यंत खोकी चालू ठेवायची आहेत, आणि एका खोक्याचा तळ परवाच्या अवकाळी पावसाने भिजून फाटला आहे, तेव्हा आज बँकेतून येताना किराणावाल्याकडून एक नवे मागून आणायचे आहे.